पाड्यावरच्या मुलांचे दुखरे मन: आघात म्हणजे काय आणि आधार कुठून मिळतो

आरे कॉलनी आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना शिक्षकांच्या तोंडून एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे: ‘पाड्यावरची मुले बोलतच नाहीत.’ सांगणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा काळजीच असते, पण त्या वाक्यातून पुढे जे निष्कर्ष काढले जातात ते मुलांना भोवतात. मूल मंद आहे, घरी कोणी अभ्यास घेत नाही, अशा नोंदी होतात आणि विषय तिथेच मिटतो. काही मुले खरोखरच लाजाळू असतात. काहींना शाळेची मराठी परकी वाटते, कारण घरी ती वारली किंवा कातकरी बोलीत वाढलेली असतात. काही मुले मात्र मनावर बसलेल्या आघातामुळे गप्प झालेली असतात. हा लेख त्या मुलांविषयी आणि त्यांना कोणत्या वाटेने आधार देता येतो याविषयी आहे.

आघात म्हणजे केवळ वाईट घटना नव्हे. घटना संपून गेल्यावरही शरीर ती संपली असे मानत नाही, त्या अवस्थेला मानसशास्त्रात आघात म्हणतात. आपल्याकडे म्हणतात, दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. आघातात नेमके हेच घडते, फक्त ते विचाराच्या पातळीवर न घडता त्याच्याही खाली, शरीराच्या पातळीवर घडते. धोका ओळखणारा मेंदूचा अमिग्डाला हा छोटासा भाग सतत जागा राहतो, अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरके पुन्हा पुन्हा स्रवतात, आणि मूल लढायला, पळायला किंवा जागच्या जागी गोठून जायला कायम सज्ज असते. मोठ्या माणसाला ‘मला भीती वाटते’ असे सांगता येते. मुलाला ते सांगता येत नाही, म्हणून त्याचे शरीर बोलते. सुटलेली अंथरुण ओले करण्याची सवय परत येते, डॉक्टरांना काहीही सापडत नसताना रोज सकाळी पोट दुखते, दार आपटले की मूल दचकते, क्षुल्लक कारणावरून मारामारी करते, नाहीतर वर्गात खिडकीबाहेर पाहत तासन्‌तास हरवून बसते. गोठून जाणारे मूल कुणालाच त्रास देत नाही, आणि त्यामुळे त्याच्याकडे सर्वांत उशिरा लक्ष जाते.

भयंकर अनुभवातून गेलेली बहुसंख्य मुले औषधाशिवाय सावरतात, हे पालकांना मी नेहमी पहिल्या भेटीतच सांगते, कारण ते खरे आहे आणि त्यांना त्याची गरज असते. सावरण्यासाठी मुलाला मुख्यतः एक स्थिर, विश्वासाचे मोठे माणूस लागते. अडचण तेव्हा येते, जेव्हा ते मोठे माणूसही त्याच घावाने जखमी असते, आणि त्या माणसाला वाढवणारेही जखमी होते.

या अडचणीला नाव देण्याचे काम अमेरिकेतील लाकोटा या मूलनिवासी समाजाच्या समाजकार्य-अभ्यासक मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी १९८० च्या दशकापासून केले. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने बायका-मुलांसह दीडशेहून अधिक लाकोटा माणसे मारली. त्यांचा शोक रीतीप्रमाणे करण्याचीही मोकळीक त्या काळी राहिली नव्हती, कारण लाकोटांच्या धार्मिक विधींवर सरकारने बंदी घातली होती. न केलेला शोक पुढच्या पिढ्यांत साचत गेला, अशी ब्रेव्ह हार्ट यांची मांडणी आहे, आणि तिला ‘ऐतिहासिक आघात’ असे म्हणतात. त्याला जोडूनच मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचा इतिहास येतो. १८७९ साली पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे अशी शाळा सुरू झाली. तिथे मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होई. कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकापर्यंत सुमारे १,५०,००० मूलनिवासी मुले अशा शाळांत गेली. तेथील सत्य आणि समेट आयोगाने २०१५ साली आपला अहवाल पूर्ण करताना ९४ शिफारशी केल्या. ऑस्ट्रेलियात १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने असे नोंदवले की १९१० ते १९७० या काळात दर तीनपैकी एक ते दर दहापैकी एक या दरम्यानच्या प्रमाणात मूलनिवासी मुले आईवडिलांपासून तोडली गेली.

हा आघात एका पिढीकडून दुसरीकडे जातो तो काही शापासारखा रक्तातून उतरत नाही. सहाव्या वर्षी घरापासून तुटून वसतिगृहाच्या घंटेवर वाढलेल्या मुलीला रडणाऱ्या बाळाला कसे थोपटायचे हे पाहायलाच मिळालेले नसते. ती आई होते तेव्हा तिच्यात प्रेम कमी नसते, पण ते दाखवण्याच्या रीती तिच्या हाती कुणी दिलेल्या नसतात. घरात जे घडले त्यावर कुणी बोलत नाही, आणि मुले त्या मौनालाच घराचा नियम समजतात.

आता आपल्याकडे येऊ. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे राज्याच्या ९ टक्क्यांहून अधिक आहे. मुंबईतही वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी ही माणसे शहराच्या आधीपासून जंगलाच्या कडेने राहत आली आहेत. त्यांच्या आठवणींत काय साठले आहे ते पाहा. १८७८ च्या वनकायद्याने जंगल सरकारी झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एका फटक्यात अतिक्रमण ठरली. ठाणे जिल्ह्यात सावकार-जमीनदारांची वेठबिगारी होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनाही आयुष्यभर राबवून घेणारी ‘लग्नगडी’ पद्धत होती. तिच्याविरुद्ध १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, तेव्हा १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. आरे दुग्ध वसाहत १९४९ साली उभी राहिली आणि तेथील पाडे दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवरची वस्ती बनून गेले. राष्ट्रीय उद्यानातील रहिवासी हटवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. मेट्रोच्या कामासाठी प्रजापूरपाड्यातील कुटुंबे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत हलवली गेली. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत झाडे तोडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. त्या रात्री करवतींचा आवाज ऐकत जागी असलेली मुले आज शाळेच्या वरच्या वर्गांत किंवा महाविद्यालयात आहेत.

एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कॅनडातील निवासी शाळा आणि आपल्या आश्रमशाळा यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे होईल. आश्रमशाळा डोंगरपाड्यांतल्या मुलांपर्यंत शिक्षण पोहोचावे म्हणून काढल्या गेल्या, आईवडील आपल्या इच्छेने मुले तिथे पाठवतात, आणि त्यांतून शिकून डॉक्टर, शिक्षक, अधिकारी झालेली माणसे आहेत. तरीसुद्धा सहा वर्षांच्या मुलाच्या शरीराला हेतू कळत नाही. त्याला इतकेच कळते की रात्री जाग आल्यावर आई जवळ नाही आणि आजूबाजूला आपली भाषा बोलणारे कोणी मोठे माणूस नाही. चांगल्या हेतूच्या व्यवस्थेतही हा घाव घडू शकतो, म्हणून तिथे मुलांच्या बोलीत बोलणारी मावशी किंवा शिक्षिका असणे ही चैन नसून मूलभूत गरज आहे, असे माझे ठाम मत आहे.

अशा मुलासमोर नेहमीचे समुपदेशन का अडते, हे मी एका प्रसंगातून शिकले. पाडा आणि कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून मी त्यातील तपशील बदलले आहेत. नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिचे पाड्यावरचे कुडाचे घर गेले होते आणि कुटुंब सातव्या मजल्यावर राहायला आले होते. ती लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसे, रात्री झोपत नसे, शाळेत बोलत नसे. मी तिला चार वेळा भेटले. खोली, खुर्ची, रंगपेटी, बंद दार, आणि माझा प्रश्न, ‘तुला काय वाटतं?’ चारही वेळा तिने मान खाली घातली आणि फ्रॉकचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी नोंद केली: प्रतिसाद नाही.

पाचव्या वेळी मी तिच्या घरी गेले. जूनचे पहिले दिवस होते. तिच्या आजीने आरेच्या रानातून शेवळे ही पावसाळी रानभाजी आणली होती. निम्मी गोरेगाव स्टेशनबाहेर विकून उरलेली ती फरशीवर बसून साफ करीत होती. वरचे आवरण सोलायचे, आतला पिवळा भाग खुडून बाजूला टाकायचा, उरलेले बारीक चिरायचे, आणि भाजीत काकडाची फळे घालायला विसरायचे नाही, नाहीतर घसा खाजतो. मला ते नीट जमेना. मुलीने माझ्या हातातले शेवळे घेतले आणि न बोलता कसे खुडायचे ते दाखवले. चार-पाच झाल्यावर, माझ्याकडे न पाहता, ती आजीला तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. आजींनी मला सांगितले, ‘ती म्हणते, आमच्या घरामागं ही उगवायची. आता त्यांच्यावर माती टाकली.’ त्यानंतर हात चालू ठेवून ती अर्धा तास बोलली. घर पाडण्याच्या दिवशी ती शाळेत होती. परत आली तेव्हा घर नव्हते आणि कुणीही तिला ते दाखवायला नेले नव्हते. लिफ्टचे दार बंद होऊन उघडले की बाहेरचे सगळे नाहीसे झालेले असेल, अशी भीती तिला वाटत होती.

माझ्या खोलीत काय चुकत होते, ते त्या फरशीवर माझ्या लक्षात आले. अनोळखी मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून, आपल्या माणसांपासून वेगळे बसून, परक्या भाषेत, स्वतःच्या मनाबद्दल बोलायचे, ही अपेक्षा ज्या रीतीतून आली ती तिची रीत नव्हती. तिच्याकडे बोलणे हातांना काम असताना होते, थोरल्यांच्या साक्षीने होते, आणि ‘मला काय वाटते’ यापेक्षा ‘आमच्याकडे काय झाले’ या बाजूने सुरू होते. तिचे दुःख एकटीचे नव्हतेच. ते घराचे होते, आणि ते सांगायला घरातले कोणी हजर असणे आवश्यक होते.

जगभरच्या मूलनिवासी समाजांनी हीच गोष्ट आपापल्या शब्दांत मांडली आहे. न्यूझीलंडमधील माओरी मानसोपचारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८० च्या दशकात आरोग्याची तुलना चार भिंतींच्या घराशी केली: शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब. एक भिंत ढासळली की घर कलते, आणि हे घर ज्या जमिनीवर उभे असते तिलाही त्या मांडणीत स्थान आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठातील डोलोरेस सुबिया बिगफुट यांनी आघातग्रस्त मुलांसाठीच्या एका सिद्ध उपचारपद्धतीला आपल्या समाजांच्या रीतीत बसवले. त्या पद्धतीत मुलाला शरीर शांत करायला शिकवतात, घडलेली गोष्ट थोडी थोडी सांगू देतात, ‘माझ्यामुळेच हे झाले’ यासारखे चुकीचे समज सोडवतात, आणि पालकाला बरोबर घेतात. बिगफुट यांनी हा गाभा तसाच ठेवला, पण आधार म्हणून वर्तुळाची कल्पना, वडीलधाऱ्यांचे शब्द, गोष्टी आणि विधी घेतले. मला हा मार्ग योग्य वाटतो, कारण यात शास्त्र टाकलेले नाही आणि परंपरेला शोभेची वस्तूही केलेले नाही.

कॅनडातील मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांचे १९९८ चे संशोधन तर प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावे असे आहे. ब्रिटिश कोलंबियातील जवळपास दोनशे मूलनिवासी समूहांत त्यांनी तरुणांच्या आत्महत्या पाहिल्या. काही समूहांत प्रमाण भयावह होते, तर निम्म्याहून अधिक समूहांत त्या काळात अशी एकही आत्महत्या नव्हती. जमिनीच्या हक्कासाठीचे प्रयत्न, स्वशासन, शाळा आणि आरोग्यसेवा यांवर समाजाचे नियंत्रण, सांस्कृतिक कामासाठी स्वतःची जागा, अशा गोष्टी जिथे अधिक होत्या, तिथे आत्महत्या कमी होत्या. याचा अर्थ असा की तरुणांचे मानसिक आरोग्य केवळ दवाखान्यात ठरत नाही. आपल्या माणसांना मागचा धागा आहे आणि पुढची वाट आहे, हे मुलाला दिसते की नाही, यावरही ते ठरते.

आमच्या पाड्यांवर असे धागे आजही आहेत. वाघोबाचेच पाहा. २०२१ साली आरेत बिबट्याने माणसांवर लागोपाठ हल्ले केले, तेव्हा कितीतरी मुले अंधार पडताच घरात शिरून बसू लागली. वारली समाजात वाघोबा हा देव आहे, त्याची स्थाने पाड्यापाड्यांवर आहेत, आणि वाघबारशीला त्याची पूजा होते. कुटुंब मुलाला घेऊन वाघोबाकडे जाते तेव्हा भीतीला एक चेहरा मिळतो, तिच्याशी नाते असल्याचे मुलाला कळते, आणि मुख्य म्हणजे मोठी माणसे काहीतरी करत आहेत हे त्याला दिसते. असहाय वाटणे हा आघाताचा गाभा असतो, आणि अशी सामूहिक कृती त्यावरच काम करते. मात्र पाड्यावर रस्त्याचे दिवे नसतील आणि घरात शौचालय नसल्यामुळे मुलाला अंधारात बाहेर जावे लागत असेल, तर पूजेपाठोपाठ दिव्यांसाठी अर्ज करणे हेही त्याच मुलाच्या उपचाराचा भाग आहे.

तारपा नाचाचेही असेच आहे. तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणारा मध्ये, त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात गुंफून सरकणारी माणसे, ठरलेली पावले, तासन्‌तास चालणारी लय. सतत जागी राहिलेली मज्जासंस्था ठेक्याने, स्पर्शाने आणि सोबतीने शांत होते, आणि या तिन्ही गोष्टी इथे एकत्र येतात. भिंतीवर लग्नाचा चौक (चित्र) लिहिणाऱ्या सुवासिनी, लग्न लावणारी धवलेरी, कणसरी या धान्यदेवतेच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसे, ही सगळी मुलाला सांगत असतात की तू कुठून तरी आलेला आहेस.

समुपदेशनाच्या खोलीच्या भिंतीवर वारली चित्र रंगवले की काम संस्कृतीशी जोडले गेले, असा समज मी अनेक ठिकाणी पाहिला आहे आणि त्याने मला खरोखर वाईट वाटते. विधी उचलून आपल्या कार्यक्रमात बसवणे, नाचाचे व्हिडिओ अहवालाला जोडणे, मुलांना पाहुण्यांसमोर नाचवणे, यातून घाव भरत नाही, उलट ‘आमचे जे आहे ते दुसऱ्यांच्या कामाचे’ हा जुनाच अनुभव पुन्हा मिळतो. काय करायचे, कधी करायचे आणि बाहेरच्यांनी कुठे थांबायचे, हे पाड्याने ठरवले पाहिजे. प्रत्येक कुटुंब एकाच वाटेने जात नाही, हेही लक्षात ठेवावे. काही घरांनी दुसरा धर्म स्वीकारला आहे, काही किशोरवयीन मुलांना आजीसमोर बोलायचे नसते आणि त्यांना बंद दाराची खोलीच हवी असते. आधी विचारावे.

परंपरेचा आदर म्हणजे धोक्याकडे डोळेझाक नव्हे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर ते घरातल्या किंवा पाड्यातल्या बैठकीत मिटवता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मूल जीव देण्याची भाषा करत असेल, खाणेपिणे सोडत असेल, आकडी येत असेल, तर भगताकडे, म्हणजे पाड्यावरच्या पारंपरिक वैदू-मांत्रिकाकडे, जाण्यास हरकत नाही, पण डॉक्टरकडे त्याच दिवशी जावे. मी भगतांना कधी प्रतिस्पर्धी मानले नाही. ‘तुमचे तुम्ही करा, आणि याला सरकारी दवाखान्यातही न्यायला सांगा’ असे विनवल्यावर कितीतरी जण ऐकतात, आणि त्यांच्या शब्दाला माझ्या शब्दापेक्षा जास्त वजन असते. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

घाव अजून होतच असेल तर तो भरायचा कसा, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तो सर्वांत अवघड आहे. घर रिकामे करण्याची नोटीस खिशात घेऊन फिरणारा बाप मुलाला ‘काही होणार नाही’ असे सांगतो तेव्हा मुलाला त्याचा आवाज कळतो, शब्द नव्हे. म्हणून २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याची कागदपत्रे लावून देणे, जातीच्या दाखल्यासाठी जुने पुरावे शोधायला मदत करणे, बदललेल्या पत्त्यामुळे तुटलेली शाळा पुन्हा जोडून देणे, ही कामे मी उपचारातच मोजते. ज्या दिवशी बापाला कागदाची पोच मिळते, त्या रात्री घरातले सगळेच जरा बरे झोपतात.

आम्ही आता भेटींच्या वेळाही बदलल्या आहेत. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ज्या घरांचे थोडेफार भात अजून आहे त्यांना बोलावत नाही, आपणच बांधावर जातो. त्या मुलीच्या बाबतीत तिच्या आजींनीच पुढचे बरेचसे काम केले. त्या तिला आठवड्यातून एकदा जुन्या जागेजवळच्या रानात नेत, काय उरले आहे आणि काय नाही ते दाखवत, आणि परतताना दोघी मिळून लिफ्टने वर जात, आधी एक मजला, मग दोन. हे सगळे तीन महिने चालले. आमच्या फाइलमध्ये त्या तीन महिन्यांची नोंद ‘पालक भेट’ अशी दोन शब्दांत झाली होती. मी ती खोडून आजींचे काम तारखेनिशी लिहिले आहे, आणि पुढच्या वर्षीच्या खर्चात अशा आजींसाठी मानधनाची ओळ घालावी अशी मागणी केली आहे.